प्रॉम्प्टरचा ढेकर

जत्रेच्या नाटकातला दुसरा अंक.
राजा दरबारात उभा, वाक्य विसरलेला,
आणि विंगेतून त्याचं वाक्य जायच्या ऐवजी
ढेकर गेला.
लांब, कोरडा, रिकाम्या पिंपासारखा.
मांडव हसला. बावीस वर्षांत
लोकांनी माझा आवाज ऐकला तो हा.

ओवा झाला. सोडा झाला.
फार्मसीतल्या गुलाबी बाटल्या झाल्या.
दुर्बीण घशातून खाली उतरली
आणि वर येऊन म्हणाली, काही नाही.
काही नाही, तरी तो येतच राहिला,
उपाशीपोटी, देवळाच्या पायरीवर, झोपेत सुद्धा.

मग फोंड्याला, वरच्या बाजारात,
सायकलच्या दुकानावरचा जिना चढून
डॉक्टर आवेलिना मास्कारेन्हस,
मूळची राशोलची, चेंगदूला सहा वर्षं शिकून आलेली.
"जीब दाखयात पळोवया."
दाखवली. कडांना दातांचे ठसे,
वर पांढरा जाड थर.
मग तीन बोटं माझ्या मनगटावर,
आधी डाव्या, मग उजव्या,
हलकी, मग खोल,
विहिरीत दोर सोडून पाणी किती ते बघावं तशी.
एवढा वेळ माझा हात कोणी धरला नव्हता.

नाडी तारेसारखी ताणलेली, ती म्हणाली.
जठरातली 'ची' खाली जायला हवी,
ओहोळ जातो तशी, ढकलावं न लागता.
तुमची उलटी चढते.
तिला चढवतं ते यकृत. तिकडे त्याला सेनापती म्हणतात.
गिळलेला राग मिळाला की
तो स्वतःच्याच गावावर चाल करून जातो.
राग? मला?
"धंदा कितें तुमचो?"
पंचायतीत कारकून. जत्रेपुरता प्रॉम्प्टर.
तिच्या हातातली सुई थांबली.
"म्हणजे दुसऱ्यांची वाक्यं तुम्ही पोटात ठेवता."
पोटात कशाला, वहीत, मी म्हटलं,
आणि तिथेच ढेकर आला.

एक सुई मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर.
एक गुडघ्याखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरून.
त्या जागेचं नाव म्हणे पायातले तीन कोस:
थकलेल्याने तिथे दाबावं आणि
आणखी तीन कोस चालावं.
दुखलं नाही. पाय फक्त जड झाला,
जत्रेत रात्रभर उभा राहिल्यासारखा.
खाली कोणी तरी चाकात हवा भरत होतं,
माझ्यातली बहुधा उतरत होती.

पुडीत वाळलेली संत्र्याची साल,
जितकी जुनी तितकी गुणी,
आलं, आणि एक कंद,
कच्चा खाल्ला तर घसा सुजवणारा,
आल्याबरोबर शिजवून शांत केलेला.
सुरणासारखा? आम्ही सोलं घालतो.
"त्याच घराण्यातला," म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.
फ्रीजमधलं काही नको. जेवताना बातम्या नकोत.
सात ते नऊ जठराची वेळ, तेव्हा ऊन पेज.
उकड्या तांदळाची?
चालेल. तिकडेही पेजच.
एवढ्या लांबचं औषध, आणि
निम्मं आमच्याच चुलीवर.

बरा झालो का? निम्मा.
पेजेने, सुयांनी, की कोणी मनगट धरून
गप्प ऐकल्याने, ते मला कळलं नाही.
तिलाही विचारलं नाही.

यंदाच्या जत्रेत मुकुंद शेट खांडेपारकर पुन्हा राजा.
मांडवाचा खर्च त्यांचा, म्हणून राजा.
पुन्हा तोच दरबार, तीच अडखळण्याची जागा,
तेच डोळे विंगेकडे वळलेले.
"हे सिंहासन माझ्या घामाचं आहे,"
मी सांगितलं, गरजेपेक्षा थोडं मोठ्याने.
पुढच्या तीन रांगांनी ऐकलं.
शेट दचकले, मग तेच म्हणाले,
माझ्याइतकं चांगलं नाही.

ढेकर आला नाही असं नाही. आला.
पहाटे, नाटक संपल्यावर, मांडवामागे,
पानावरचं खतखतं नि भात जेवून उठताना.
लहानसा.
कोणी वळून पाहिलं नाही.